जोर दिला की हँडल हलतं

वैजयंता पाईकरावनं मोटरसायकल घेतली तेव्हा पेणकरपाड्यातल्या तिच्या सोसायटीत सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पन्नाशी उलटल्यावर बाईला हे काय सुचलं? दुसऱ्याचं म्हणणं, सुचलं तर सुचलं, आपलं काय जातंय? वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन मात्र हार घेऊनच खाली आल्या आणि तो हँडलला घालून म्हणाल्या, "वैजयंताबेन, एक राउंड मला पण पायजे हां!" वैजयंताचा नवरा कोंडिराम कुठल्याच तटात नव्हता. त्याचं मत स्वतंत्र होतं. गाडी उत्तम आहे, दिसायला देखणी आहे, फक्त ती चालवू नये.

वैजयंता भाईंदरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होती. प्रिन्सिपल येत आणि जात, वैजयंता तिथेच असे. एका उन्हाळ्यात कॉलेजच्या मैदानावर मुलींना मोटरसायकल शिकवण्याचा वर्ग निघाला. मुलींची नावं घेता घेता तिनं स्वतःचंही नाव खाली घातलं. शिकवणाऱ्या सरांना वाटलं, टायपिंगची चूक असेल. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसवर बूट घालून ती मैदानावर उभी राहिली तेव्हा ती चूक नाही, अशी त्यांची खात्री पटली. मुलींतल्या निम्म्याअधिक परीक्षा आल्यावर गळाल्या, वैजयंता टिकली. पुढे कॅनडाला निघालेल्या एका मुलाकडून तिनं साडेतीनशे सीसीची काळी गाडी घेतली आणि रविवारी सकाळी उत्तनच्या रस्त्याला ती दिसू लागली.

कोंडिराम औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेला. तिथे प्रत्येक खोका दोनदा तपासायची शिस्त. ती शिस्त त्यानं घरी आणली. गॅस बंद आहे का, हे तो झोपण्याआधी दोनदा बघे, आणि वैजयंतानंही बघितलंय का, हे तिला विचारे. तरुणपणी त्याच्याकडे स्कूटर होती. वैजयंता मागे एका बाजूला पाय सोडून बसायची आणि कोंडिराम अशा बेतानं स्कूटर चालवायचा की सायकलवाले मागून घंटी वाजवत. आता मागची सीट त्याच्या वाट्याला आली होती आणि त्या सीटवर बसून काय करायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तशात जव्हारहून फोन आला. वैजयंताचा धाकटा भाऊ आत्माराम तिकडे आश्रमशाळेत शिक्षक होता. त्यानं घर बांधलं होतं, नव्या घरात बुद्धवंदना ठेवली होती, आणि अक्का-भाऊजींनी आदल्या दिवशीच यायचं होतं.

"येतो," वैजयंता म्हणाली. "गाडीवर येतो."

"कुठल्या गाडीवर?"

"माझ्या."

पलीकडे आत्माराम इतका वेळ हसला की फोनच बिघडला असं तिला वाटलं. कोंडिराम समोरच बसला होता. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, काळजी करायची होती. दुसऱ्याच दिवशी त्यानं गाडीच्या मागच्या कॅरिअरवर एक मोठी पेटी बसवून आणली, ती भरली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली.

जव्हारच्या आधी सराव म्हणून एका रविवारी दोघं मनोरपर्यंत जाऊन यायचं ठरवून निघाले. जानेवारीचं कोवळं ऊन, हायवेला गर्दी नाही. वर्सोव्याच्या पुलावर पुढे एक टँकर रांगत होता. उजवी लेन मोकळी होती. वैजयंतानं आरशात बघितलं, गिअर एक खाली टाकला आणि ॲक्सिलरेटर पिळला.

गाडी उसळली आणि हँडल थरथरायला लागलं. आधी हलकं, मनगटात मुंग्या याव्यात तसं. मग जोरात, डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, जणू पुढचं चाकच नाही-नाही म्हणत मान हलवतंय. मागून कोंडिरामनं जी आरोळी ठोकली ती टँकरवाल्यालाही ऐकू गेली असावी. पण मैदानावर सरांनी घोकून घेतलेलं वैजयंताचे हात विसरले नव्हते. तिनं ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटर हळूच सैल केला. हँडल एकदम शांत झालं, काही घडलंच नव्हतं असं.

पूल ओलांडून तिनं चहाच्या टपरीजवळ गाडी कडेला घेतली.

"थांबव," कोंडिराम म्हणाला.

"थांबलेच आहे."

"मग ठीक आहे." तो उतरला. हेल्मेट काढायचं त्याला सुचेना. चहाचा ग्लास हेल्मेटच्या काचेवर आपटला तेव्हा सुचलं. "मी जव्हारला एसटीनं जातो."

"एकटे?"

"तू पण चल. आत्मारामला सांगू, गाडी आजारी आहे."

"आजारी असेल तर बरी करू की. अहो, जोर दिला तेव्हाच हललं, सोडला तर थांबलं. म्हणजे काहीतरी कारण आहे. कारण असेल तर सापडेल."

"ते सापडेपर्यंत आपण सापडू कुठेतरी रस्त्यावर," कोंडिराम म्हणाला. पण चहा चांगला होता. त्यानं आणखी एक मागवला.

सोसायटीजवळच्या गॅरेजवाल्यानं गाडीला एक चक्कर मारली आणि निकाल देऊन टाकला. "मॅडम, गाडी एकदम ओके है. लेडीज का हाथ है ना, ग्रिप टाइट रखो." वैजयंताला राग आला, पण राग बाजूला ठेवून तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी, कोंडिरामला मागे बसवून, मोकळ्या रस्त्यावर हँडल घट्ट आवळून बघितलं. हँडल दुप्पट हललं. निदान एवढं तरी कळलं, की आवळल्यानं वाढतं. कॉलेजात शिपाई बबनला तिनं सगळी हकिगत सांगितली. बबन म्हणाला, "मॅडम, खारीगावात पुंडलिकशेठकडे न्या. तो माणूस गाडीशी बोलतो."

पुंडलिक गाडीशी बोलत होताच, शिवाय माणसांशी, कोंबड्यांशी आणि मोबाइलशीही बोलत होता, आणि सगळं एकाच पट्टीत. खारीतलं जुनं घराणं. एके काळी भातशेती होती, मिठागरात हिस्सा होता. आता शेतांच्या जागी टॉवर उभे होते आणि पुंडलिकला काम करायची काहीच गरज नव्हती. पण त्याला गाड्या खोलायचा नाद. म्हणून घराच्या खालच्या मजल्यावर त्यानं गॅरेज टाकलं होतं. त्याची बायको द्वारका ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेली असे आणि गॅरेजातलं एक अक्षर तिच्या कानातून सुटत नसे.

पुंडलिक एकटाच गाडी घेऊन गेला, खाडीच्या बाजूला धडाधड दोन फेऱ्या मारून आला. "ताई, गाडी लोण्यावानी चालतंय. हिच्यात कायच न्हाय."

"आहे," वैजयंता म्हणाली. "मी उगाच भाईंदर ओलांडून आले नाही."

पुंडलिकनं तिच्याकडे नीट बघितलं. मग गाडी मेन स्टँडवर घेतली आणि ओट्याकडे हाक मारली. द्वारका शेंगांची परात बाजूला ठेवून खाली आली, गाडीच्या मागच्या टोकावर दोन्ही हात रोवून उभी राहिली. पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. पुंडलिकनं उकिडवं बसून पुढचे दोन्ही शॉकअप खालून धरले आणि पुढे-मागे हलवले.

टक्. टक्.

"ऐकलात?" त्याचा चेहरा उजळला. "कोनसेट! म्हंजे हँडलचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतोय ना, ती. सैल झालीय. हात लावा, बगा."

वैजयंतानं बोटं लावली. दांड्याच्या सांध्यात काहीतरी किंचित सरकत होतं, हिरडीत दात हलतो तसं. मग त्यानं हँडल हलकेच फिरवायला सांगितलं. अगदी मधोमध आलं की ते खाचेत बसल्यासारखं अडकत होतं.

"आधीच्या पोरानं एका चाकावर नाचवली असंल हिला," पुंडलिक म्हणाला. "पुढचं चाक धाडकन खाली आपटलं की गोळ्यांचे खड्डे पडतात वाटीत. आता हिला सरळ जायचंय का वाकडं, हेच कळंना."

त्यानं तिच्यासमोर सगळं उघडलं. काढलेल्या वाट्यांवर खरंच बारीक बारीक खळगे होते, देवीचे व्रण असावेत तसे. नवीन कोनसेट बसला, ग्रीस भरलं, नट असा आवळला की हँडल सैलही नाही आणि जडही नाही. वैजयंता एकटीच गाडी घेऊन खाडीच्या रस्त्याला गेली. दोन्ही बाजूंना जुनी मिठागरं, पाण्यात बगळे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिनं जोर दिला. गाडी बाणासारखी गेली. हँडल जागचं हललं नाही. हेल्मेटच्या आत ती मोठ्यानं हसली.

संध्याकाळी तिनं कोंडिरामला मागे बसवलं. त्याच रस्त्याला नेलं. जोर दिला.

हँडल हललं. आधीसारखं नाही, निम्म्यानं कमी, पण हललं. कोंडिरामची आरोळी मात्र पूर्वीइतकीच होती.

"बघ," तो घरी येऊन म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, आणि दुःखाच्या खाली थोडी सुटकाही होती. "मी एसटीची तिकिटं बघतो."

पुंडलिकला हे ऐकून फार लागलं. त्यानं पुढचं टायर तपासलं. त्याच्या कडा पायऱ्या पायऱ्यांनी झिजल्या होत्या, ते बदललं. चाकाचा बॅलन्स केला. मागचं चाक पुढच्याच्या रेषेत आहे का, हे दोरी लावून बघितलं, दोन्ही बाजूंनी. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश हलवून पाहिले. सगळं चोख. मग तो कमरेवर हात ठेवून गाडीसमोर उभा राहिला आणि पहिल्यांदाच गप्प झाला.

"एकटी असते तेव्हा हलत नाही," वैजयंता म्हणाली. "मागे माणूस असला की हलतं. तर माणूस बसवूनच बघायला पाहिजे. तुम्ही बसा मागे."

"मी? ना ताई. मी मागं बसत न्हाय कुणाच्या. मला चक्कर येतंय."

"मी बसतू!" ओट्यावरून आवाज आला.

द्वारकानं हात धुतले, पदर खोचला आणि पुंडलिकचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. अंगापिंडानं ती कोंडिरामला भारीच होती. गाडीवर बसताच तिनं वैजयंताच्या कमरेला अशी मिठी मारली की वैजयंताचा श्वास अडकला.

"द्वारकाताई, जरा सैल."

"पडलू तं?"

"नाही पडत."

"मंग चला. पन जोरात हां! ह्यांच्या स्कूटरवर बसून जलम गेला, कदी वारा लागला न्हाय."

मिठागरांच्या रस्त्याला वैजयंतानं जोर दिला. गाडी झेपावली, बगळे उडाले. "अगो बाय!" मागून द्वारका ओरडली, आणि त्या ओरडण्यात भीतीचा लवलेश नव्हता. हँडल शांत राहिलं. अगदी शेवटी त्यानं नावापुरती थरथर केली, एवढंच. द्वारकानं आणखी एक फेरी मागितली. मग आणखी एक. परत आली तेव्हा तिचे डोळे वाऱ्यानं पाणावले होते आणि ती पुंडलिकला म्हणाली, "मला बी शिकायचीय."

पुंडलिकनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. तो विचारात पडला होता. "म्हंजे तुमी एकट्या असल्या तं न्हाय. ही बसली तरी न्हाय. फक्त साहेब बसले की हलतंय." त्यानं मान डोलावली. "ताई, वाईट नका वाटून घेऊ. फॉल्ट साहेबांच्यात हाय."

वैजयंतानं हे घरी जसंच्या तसं सांगितलं.

"माझ्यात?" कोंडिराम खुर्चीतून उठला. "मला काय बेअरिंग बसवलीत? तुझा तो मेकॅनिक डोक्यावर पडलाय. मी मागे बसून बोटसुद्धा हलवत नाही. श्वास घेत नाही मी!"

"तेच बघायचंय आपल्याला. उद्या चला."

"मी येणार नाही."

सकाळी तो तिच्याआधी तयार होता. त्याच्यावर आरोप झाला होता आणि तो खोटा ठरवायचा होता.

ठरलं असं, की वैजयंता आणि कोंडिराम मोटरसायकलवर पुढे, आणि पुंडलिक-द्वारका स्कूटरवर शेजारून, जमेल तितकं बरोबर. पुंडलिकनं हँडल बघायचं, द्वारकानं साहेबांना बघायचं. मिठागरांच्या रस्त्याला लागल्यावर वैजयंतानं इशारा केला आणि जोर दिला. हँडल थरथरलं. तिनं सैल सोडलं. गाडी थांबवून मागे बघते तर स्कूटर थोडी मागे उभी आणि द्वारका रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसतेय.

"काय झालं?" वैजयंता आणि कोंडिराम चालत तिच्याकडे गेले. "काय दिसलं?"

द्वारकाला बोलता येईना. शेवटी तिनं डोळे पुसले. "ताई, तुमी पुढं पळता, आणि साहेब गाडीला मागं खेचतात. खरं सांगतू! दोनी हात मागं त्या पेटीच्या दांडीला, पाय ताठ, मान आभाळाकडं. आमच्या सासऱ्यांचा बैल उधळला की ते असंच कासरा धरून मागं झुकायचे."

"मी खेचत नाही," कोंडिराम दुखावून म्हणाला. "मी धरून बसतो."

पण वैजयंताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती गाडीजवळ गेली, पुढच्या चाकाकडे बघितलं, मागच्या पेटीकडे बघितलं. "थांबा. जोर दिला की गाडीचं वजन आपोआप मागे जातं. पुढचं चाक हलकं होतं. त्यात हे मागे रेलतात, पार पेटीवर. म्हणजे आणखी हलकं. रस्त्यावर टेकलंय म्हणायचं, इतपतच. मग ते डुगडुगणार नाही तर काय! आणि ते डुगडुगलं की मी घाबरून हँडल आवळते, मग आणखी वाढतं."

पुंडलिकनं टाळी वाजवली. "बरोबर! मी हेच सांगणार व्हतो."

"मग बोललात का न्हाय?" द्वारकानं विचारलं.

"कोनसेट पन गेलाच व्हता की," पुंडलिक म्हणाला. ते मात्र खरं होतं.

कोंडिराम मिठागराकडे तोंड करून उभा होता. वैजयंता त्याच्याजवळ गेली. पुंडलिक-द्वारका स्कूटरपाशी राहिले, कान मात्र इकडेच.

"अहो, मागे का रेलता तुम्ही?"

"मग काय करू?" तो हळू आवाजात म्हणाला. "तू जोर देतेस ते मला आधी कळत नाही. मला पुढचं काही दिसतच नाही, तुझं हेल्मेट तेवढं दिसतं. एकदम हिसका बसतो. धरायला मागची दांडीच आहे."

"मी आहे ना पुढे. मला धरा."

"कुठे?"

"कमरेला. आणखी कुठे?"

कोंडिरामनं चोरून स्कूटरकडे बघितलं. द्वारकानं लगेच बगळे बघायला सुरुवात केली. "ह्या वयात? भर रस्त्यात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसतंय की बाई गाडी चालवतेय आणि बुवा मागे बसलाय. त्यांना जे म्हणायचं ते म्हणून झालंय. आता हात कुठे आहेत ते कोण बघतंय? तुमच्या स्कूटरवर मी खांदा धरून बसायचेच की. मला नव्हती लाज वाटत."

"तेव्हा तू सुंदर दिसायचीस," कोंडिराम म्हणाला. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन घाईनं म्हणाला, "आता पण दिसतेस. हेल्मेटमध्ये कळत नाही एवढंच."

वैजयंताला हसू आवरेना. "बरं, असं करू. मी जोर द्यायच्या आधी कोपरानं तुम्हाला हलकं ढोसेन. ढोसलं की पुढे झुकायचं, मला धरायचं. जमेल?"

पहिल्या फेरीला त्यानं तिच्या कमरेवर हात असे ठेवले, की जणू गॅसवरचं तापलेलं पातेलं सांडशीशिवाय उचलायचंय. हँडल हललं, पण कमी. दुसऱ्या फेरीला ढोसलं तसा तो खरोखर पुढे झुकला, त्याचं हेल्मेट टक्कन तिच्या हेल्मेटवर आपटलं, आणि हात घट्ट झाले. गाडी सरळ रेघेत गेली. हँडलला अगदी बारीकशी कंपनं राहिली होती, द्वारकाच्या वेळेसारखीच.

"आता पेटी उघडा," वैजयंता उतरून म्हणाली.

"पेटीत काही नाही. गरजेपुरतं आहे."

"किल्ली."

कोंडिरामनं किल्ली दिली. पेटीतून स्टीलचा थर्मास निघाला. पाण्याच्या बाटल्या निघाल्या, दोघांचे रेनकोट निघाले, भर जानेवारीत. हवेचा पंप, बीपीचं मशीन, मलमपट्ट्यांचा डबा, टॉर्च, टॉर्चसाठी सेल, सेल संपले तर मेणबत्त्या. लाडूंचा डबा निघाला तो द्वारकानं लगेच उघडला. आणि तळाशी, गोणपाटात गुंडाळलेला, वरवंट्याएवढा दगड.

"हा कशाला?" पुंडलिकनं विचारलं.

"चढावर गाडी थांबवावी लागली तर चाकाखाली लावायला," कोंडिराम म्हणाला.

दगड मिठागराच्या बांधावर ठेवला. बाकीच्यातलं जे खरंच लागणार होतं ते पुढे टाकीवर बांधायच्या पिशवीत गेलं, पेटी कॅरिअरवरून उतरली. लाडू तिथेच संपले. शेवटच्या फेरीत वैजयंतानं तिसऱ्या गिअरवर गाडी अशी पळवली की पुंडलिकची स्कूटर दिसेनाशी झाली, आणि हँडल तिच्या हातात देव्हाऱ्यातल्या समईसारखं स्थिर होतं. मागून आरोळी आली नाही. उलट उतरल्यावर कोंडिराम म्हणाला, "मगाशी ढोसलंस ते जरा उशिरा ढोसलंस. आधी ढोस." म्हणजे आता तो त्या कामात शिरला होता.

जव्हारला जायचा दिवस स्वच्छ उजाडला. हायवेवर वैजयंता बेतानं चालली होती, पण मनोरच्या अलीकडे गवताचा एक ट्रक आडवा-तिडवा पसरून चालला होता आणि त्याच्या मागे राहणं म्हणजे तोंडात काडीकचरा खाणं. तिनं कोपरानं ढोसलं. कमरेभोवती हात आवळले, पाठीला त्याच्या जॅकेटची चेन टोचली. ट्रक मागे पडला. कानाशी हेल्मेटच्या आतून दबका आवाज आला, "झकास!"

विक्रमगडनंतरच्या वळणांवर त्यानं स्वतःहून तिच्याबरोबर झुकायला सुरुवात केली. जव्हारच्या वेशीवर आत्माराम मोटरसायकल घेऊन सामोरा आला होता, त्याच्या शाळेतली काही मुलं टाळ्या वाजवायला उभी होती. घरासमोर गाडी थांबली तेव्हा आत्मारामनं विचारलं, "भाऊजी, भीती नाही वाटली?"

"भीती कसली?" कोंडिराम हेल्मेट काढत म्हणाला. "मागे बसणं हे पण एक कौशल्य आहे. लोकांना वाटतं नुसतं बसायचं. तसं नसतं. पुढच्या चाकावरचं वजन सांभाळावं लागतं."

वंदना झाली, खीर झाली, जेवणं झाली. नव्या घराच्या पडवीत बसून कोंडिराम आत्मारामला, शेजारच्या मास्तरांना आणि मास्तरांच्या म्हाताऱ्या वडलांना मागच्या सीटवर कसं बसावं ते समजावत होता, हातवारे करून, मध्येच पुढे झुकून दाखवत. त्या म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग गाडी चालवत कोण होतं?"

"ती," कोंडिरामनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "चांगली चालवते. मी तिला सांगत असतो."

वैजयंता आत भांडी पुसत होती. तिनं भावजयीकडे बघितलं आणि दोघी खळाळून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती बाहेर आली तर कोंडिराम आधीच आंघोळ करून, जॅकेट चढवून गाडीपाशी उभा. टाकीवरची पिशवी बांधून झाली होती, पट्टे दोनदा ओढून बघून झाले होते. मोबाइलवर नकाशा उघडलेला.

"इतक्या लवकर?" ती म्हणाली. "घरी जायची एवढी घाई झालीय?"

"घरी कशाला?" त्यानं नकाशा तिच्यापुढे धरला. "हे बघ, इथून मोखाडा, मोखाड्यावरून नाशिक. नाशिकला त्रिरश्मी लेणी. आपण किती वर्षं म्हणतोय, बघायला जाऊ, बघायला जाऊ. आता एवढ्या जवळ आलोय तर..."

"माझी रजा उद्या संपतेय."

"बबनला फोन कर. सांग, एक दिवस वाढवलाय."

"आणि कारण काय सांगू?"

कोंडिरामनं क्षणभर विचार केला. "सांग, नवरा ऐकत नाही."

तिनं तिथेच, चहाचा कप सीटवर ठेवून, फोन लावला. आत्माराम शिदोरी बांधून घेऊन आला तोवर ते दोघं गाडीवर बसलेही होते. विक्रमगडचा रस्ता डावीकडे होता. वैजयंतानं गाडी उजवीकडे वळवली.